तोफखान्यातला माणूस

मला एका जागी बसवत नाही. शाळेत होते तेव्हा मुलं शुद्धलेखन लिहायची आणि मी बाकांमधून येरझारा घालायची. निवृत्त झाले, आता घरात घालते. आमचे हे दुकानातून जेवायला आले की म्हणतात, "बस की जरा. तुला बघूनच मला दम लागायलाय." मी म्हणते, बसायचं काम तुमचं, मला कामून बसवायलात. ह्यांचं किराणा दुकान आहे. फौजेतून आल्यावर टाकलेलं.

आमचं गाव हुमनाबाद आणि बसवकल्याणच्या मधलं, मोठ्या रस्त्यापासून आत. घरात मराठी, कचेरीत कानडी, बाजारात दखनी, आणि भांडण ज्याला जी भाषा जोरात येते त्या भाषेत. इथला जुना दवाखाना नव्या इमारतीत गेला तेव्हा तीन खोल्या रिकाम्या पडल्या. गावातल्या माजी सैनिकांनी तिथं फौजी संग्रहालय काढलं. सरकारी मंजुरी वगैरे काही नाही. पंचायतीनं तोंडी सांगितलं की वापरा, पण उद्या कुणाची तक्रार आली तर आम्ही टाळं ठोकणार. एवढ्या बोलीवर सगळा संसार उभा राहिला.

म्होरके होते सुभेदारसाहेब. बौद्धांच्या गल्लीत त्यांचं घर, आणि त्या घरातली तिसरी पिढी फौजेत गेलेली. त्यांच्याकडं आज्याचा पितळी बकलाचा पट्टा होता, तो त्यांनी पहिल्या दिवशी आणून खिळ्याला लावला. मग घराघरांतून वस्तू यायला लागल्या. तळ झिजलेले बूट, पोचे पडलेले जेवणाचे डबे, मुका झालेला वायरलेस, निजामाच्या फौजेतल्या कुणाच्या तरी पणज्याची गंजकी तलवार. आसपासच्या खेड्यांतली जी पोरं परत आली नाहीत त्यांचे फोटो मधल्या खोलीत. दर रविवारी संग्रहालय उघडं. शनिवारी ही म्हातारी मंडळी झाडलोट करायची, पितळेला चिंच लावायची, अंगणातल्या विटांना एकीला गेरू एकीला चुना द्यायची. घरात पाण्याचा तांब्या उचलून ठेवत नाहीत ही माणसं, आणि तिथं विटा रंगवायलेत. मी पण जायची. वस्तूंवर झाकायला कापडं शिवून दिली, पाट्या लिहून दिल्या, रविवारी चहा माझ्याकडं. घरात फिरण्यापेक्षा तिथं फिरलेलं बरं.

तिथली खरी शान होती तोफेचा गोळा. कोहिनूर गावच्या शिवारात एका शेतकऱ्याचं शेततळं खोदताना निघालेला. मांडीएवढा जाड, उभा केला तर लहान पोराच्या छातीला लागेल असा. कुठल्या काळचा, कुणी डागलेला, कुणाला ठाऊक नाही. शेतकऱ्यानं तो बैलगाडीत कडबा अंथरून आणला आणि दारात उतरवला तेव्हा सुभेदारसाहेबांनी आधी सगळ्यांना मागं सारलं. मग आमच्या ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "तुमचं खातं हाय हे. बघा."

हे पुढं गेले, गुडघ्यावर बसले. खरबूज घेताना वाजवतात तसं बोटाच्या पेरानं गोळ्याला दोन ठिकाणी वाजवलं. कान लावला. आणि उठून म्हणाले, "रिकामा हाय."

झालं. चौघांनी उचलून मधल्या खोलीत सिमेंटच्या ओट्यावर ठेवला. तोफखान्यातल्या माणसानं सांगितल्यावर पायदळवाला काय विचारणार, आणि गाडी चालवणारा काय विचारणार? फौजेत ज्याचं खातं त्याचा शब्द. ती सवय ह्या लोकांच्या हाडात मुरलेली असते, पेन्शनीत गेल्यावर पण निघत नाही. त्या गोळ्यावर पोरं बसायची, फोटो काढायची. खंडेनवमीला तलवारीबरोबर त्याची पूजा व्हायची, हळदकुंकू लागायचं आणि वर नारळ फुटायचा. हो, गोळ्यावरच. दगडापेक्षा नारळ त्याच्यावर बरोबर दोन तुकडे होतो, हा शोध फौजेत ट्रक चालवलेल्या ड्रायव्हर अण्णांचा. सुभेदारसाहेब पूजा करायचे नाहीत. "तुमचं तुम्ही करा," म्हणायचे आणि बाजूला उभं राहून सलाम ठोकायचे.

आता माझ्या पोटातलं सांगते. आमचे हे तोफखान्यात होते ही गोष्ट खरी. पण तोफेवर नव्हते. लंगरात होते. लांगरी. तोफखान्याच्या पलटणीला भात शिजवून घालत होते, रोट्या भाजत होते, बर्फात चूल पेटती ठेवत होते. लग्नाआधीच ह्यांनी मला ते सांगितलेलं, आणि मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. रजेवर आले की भाजीत मीठ कमी आहे हे ते पहिल्या घासाला सांगायचे, त्याचा राग यायचा तेवढाच.

ह्यांनी कधी खोटं सांगितलं नाही. रिटायर होऊन आल्यावर कुणी तरी विचारलं, कुठली पलटण? हे म्हणाले, तोफखाना. विचारणाऱ्याला तेवढं बस झालं. मग दुसऱ्याला त्यानं सांगितलं. एकदा लोकांनी तोंडात घेतल्यावर हे गप्प राहिले, आणि गप्प राहण्यात दिवस गेले. त्याआधी ह्यांना गावात कुणी ओळखत नव्हतं. दुकानावर येणारे "ओ शेठ, शेंगदाणे द्या" म्हणायचे. मग 'तोफखानेवाले' झाले. तेच नाव पडलं. पंधरा ऑगस्टला शाळेत पहिल्या रांगेत खुर्ची, लग्नात मांडवाच्या पुढं बसवायचे, तंटा झाला तर चार लोकांत ह्यांचा शब्द. आदल्या संध्याकाळी स्वतः शर्टाला इस्त्री करायचे. माझ्याकडं द्यायचे नाहीत. त्या इस्त्रीकडं बघून मी पण कधी तोंड उघडलं नाही. माणसाला कशात तरी सुख लागतं, लागू दे म्हटलं.

मग एका रविवारी सुट्टीवर आलेला एक जवान संग्रहालय बघायला आला. निर्णा गावचा पोरगा, इंजिनियर पलटणीत सुरुंग काढायच्या कामाला. दुपारची गाडी धरून त्याला गुलबर्ग्याला जायचं होतं, तिथून पुढं रेल्वेनं. सगळं कौतुकानं बघत बघत मधल्या खोलीत आला आणि थांबला. ओट्यावरच्या गोळ्यावर एक लहान मुलगी बसलेली होती, तिचा बाप मोबाईल धरून उभा. त्या पोरानं पुढं होऊन मुलीला उचललं, बाहेर नेऊन बापाच्या हातात दिलं. परत आला तेव्हा त्याचा आवाज एकदम खाली गेलेला.

"तात्या, ह्याचं फ्यूज अजून जाग्यावर हाय," तो सुभेदारसाहेबांना म्हणाला. "नाकावर बघा. हे कुणी तपासलंय?"

सगळ्यांनी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "तपासलंय. रिकामा हाय." पोरानं ह्यांच्याकडं अदबीनं बघितलं, पण मान हलवली. म्हणाला, वरून कुणालाच सांगता येत नाही. भरलेला असला आणि इतकी वर्षं गंजलेला असला तर धक्क्यानं पण जाऊ शकतो. हात लावू नका, आजच्या आज पोलिसांना कळवा, ते गुलबर्ग्याहून माणसं बोलावतील. त्यानं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं आणि गाडी धरायला पळाला.

तो गेला आणि अंगणात विटांच्या कडेला बैठक बसली. मी चहा देत देत ऐकत होते. पहिली धाकधूक कमी झाली तसे म्हातारे एकेक बोलायला लागले. पोलीस आले की पंचनामा होणार. पंचायत टाळं ठोकणार. इतक्या वर्षांचं सगळं धुळीत जाणार, फोटो जाणार, आज्याचा पट्टा जाणार. कालचं पोरगं येऊन सांगतंय आणि आपल्यात तोफखान्यातला माणूस बसलाय. शेवटी ठरलं असं की उद्या दुपारी, गाव उन्हात झोपलेलं असतं तेव्हा, ड्रायव्हर अण्णांच्या टेंपोत गोळा घालायचा आणि तांबड्या दगडाच्या जुन्या खाणीत पाणी साठलंय, त्यात सोडून द्यायचा. ना गोळा, ना तक्रार.

"रिकामाच हाय तर भ्यायचं काय," अण्णा म्हणाले. आणि मग ह्यांच्याकडं बघून, "व्हय न्हवं?"

हे म्हणाले, "व्हय. मी धरून बसतो माघं."

मी चहाची किटली तिथंच विटांवर ठेवली. कुणाचं लक्ष गेलं नाही.

घरी आलो. दार लावलं आणि बोलले. "तुम्हाला कसं कळलं रिकामा आहे म्हणून?"

"आवाजावरून."

"कशाच्या आवाजावरून? पातेल्याच्या?"

ह्यांचा चेहरा असा झाला की मला माझीच जीभ टोचली. पण मी थांबले नाही. म्हटलं, ते पोरगं रोज तेच काम करतं, ते म्हणतंय की हात लावू नका, आणि तुम्ही खड्ड्यांच्या रस्त्यावर तो मांडीवर घेऊन बसणार. अण्णाच्या घरात दोन लेकी लग्नाच्या. सुभेदारसाहेब पुढं बसणार. एक शब्द सांगा त्यांना. नुसता एक शब्द.

"काय सांगू?"

"मला माहीत नाही, एवढंच सांगा. लंगराचं नका सांगू."

"मग इचारतील न्हाई का, तोफखान्यातला असून म्हाईत कामून न्हाई?" हे पलंगाच्या कडेला बसले. "आणि वाजलाय तसा रिकामाच. मी काय मूर्ख हाय का."

"भरलेला कसा वाजतो, ते कधी ऐकलंय?"

हे उठले. चपला घालून दुकानात निघून गेले. आता मी दुकानात जाऊन भांडणार होते का? गिऱ्हाइकांसमोर? पोळ्या लाटायला घेतल्या, पीठ घट्ट झालं, तसंच ठेवलं. अंगणात गेले, परत आले. शेजारीण विचारायला लागली, बाई, काही हरवलंय का? म्हटलं, हो, माझं डोकं.

सुभेदारसाहेबांकडं जाऊन सांगावं असं दहादा मनात आलं. एकदा तर त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. मी सांगितलं असतं तर ह्यांचा जीव वाचला असता, आणि त्या दिवसापासून ह्यांनी गावात मान वर केली नसती. बायकोनं येऊन चारचौघांत उघडं पाडलं, हे ह्यांनी मला जन्मात माफ केलं नसतं, आणि मी पण स्वतःला केलं नसतं. आणि सांगितलं नाही तर? गल्लीच्या तोंडाशी एक शेळी माझ्याकडं बघत उभी होती. मी मागं फिरले. ह्यांचं तोंड ह्यांनाच उघडायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. हे जेवले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घातला. मला त्याचा इतका राग आला की सांगता सोय नाही. खाणीत गोळा टाकायला जायलेत आणि इस्त्री. हे पायरी उतरले आणि मी पण चपला घातल्या.

"तू कुठं?"

"चहाची भांडी राहिलीत तिथं."

दवाखान्याच्या मागच्या दाराला टेंपो लावलेला होता. हौद्यात तुरीच्या भुसकटाची पोती अंथरलेली. माझ्या डोळ्यांदेखत चौघांनी ओट्यावरून गोळा उचलला. पाय घसटत, एकमेकांना "हळू, हळू" म्हणत दारापर्यंत आणला. सुभेदारसाहेबांच्या कपाळावरची शीर उठलेली दिसत होती. दाराच्या उंबऱ्यावर एकाचा तोल गेला, गोळा एका बाजूला कलला. सावरला. पोत्यांवर आडवा ठेवला. अण्णा घाम पुसत पुढं जाऊन बसले, सुभेदारसाहेब त्यांच्या शेजारी. बाकीचे दोघं लांब झाले. आमचे हे हौद्यात चढले, गोळ्याच्या शेजारी मांडी घालून बसले आणि एक हात त्याच्यावर ठेवला. झोपलेल्या लेकरावर ठेवतात तसा.

अण्णांनी किल्ली फिरवायच्या आत मी मागच्या फळीला हात घातला, साडी खोचली आणि वर चढले. ह्या वयात. गुडघा सोलला. गोळ्याच्या दुसऱ्या बाजूला पोत्यावर बसले.

"हे काय करायलीस?" ह्यांचा आवाज फाटला.

"येते की खाणीपर्यंत. खाण बघितली नाही बरेच दिवस."

"उतर खाली."

"कामून? रिकामाच आहे न्हवं?"

पुढून सुभेदारसाहेबांनी मागं वळून बघितलं. "ताई, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही साहेब, चला, ऊन वाढायलंय. माझा आवाज कसा काय इतका सरळ निघाला कुणास ठाऊक. लोखंड उन्हानं तापायला लागलेलं, त्याची धग माझ्या मांडीला लागत होती. मी ह्यांच्याकडं बघत बसले. रागानं नाही. राग केव्हाच संपला होता. आपण दोघं आता इथून जाणार असलो तर ह्या माणसाचा चेहरा नीट बघून घ्यावा, एवढंच मनात होतं, आणि भीती तर इतकी की दात वाजू नयेत म्हणून ओठ दाबून धरलेले.

अण्णांनी गाडी सुरू केली. हौदा हादरला. गोळा पोत्यावर किंचित डुलला.

"थांबवा," हे म्हणाले. मग ओरडले, "अण्णा, बंद करा गाडी."

गाडी बंद झाली. हे तसेच बसून राहिले, हात गोळ्यावर. मग सुभेदारसाहेबांकडं न बघता म्हणाले, "साहेब, मला ह्यातलं काय बी कळत न्हाई. मी लंगरात होतो. लांगरी होतो. तोफेला मी उभ्या जन्मात हात लावला न्हाई."

सुभेदारसाहेब हळूच उतरले, मागं आले, मला हात दिला. मग ह्यांना दिला. आम्ही सगळे चालत रस्त्याच्या पलीकडं, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला गेलो. पळालो नाही. तिथं पोचल्यावर अण्णा मटकन खाली बसले आणि ह्यांना आईवरून शिवी दिली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, माफ करा बाई. मी म्हटलं, द्या अजून एक, माझ्या वाटची.

पोलिसांना फोन सुभेदारसाहेबांनीच केला. फोन ठेवल्यावर त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "जे झालं ते आपल्यात राहील," ते म्हणाले. "गोळ्यावर शंका आली, तपासायला माणसं बोलावली, एवढंच. लंगराचं गावात बोलायचं न्हाई." ह्यांच्याकडं त्यांनी बघितलं नाही. ह्यांनी मान खाली घातलेली.

गुलबर्ग्याहून पथक दुसऱ्या दिवशी आलं. तोवर टेंपो तिथंच मागच्या दाराशी उभा, त्याच्याभोवती पोलिसांची दोरी, आजूबाजूची घरं रिकामी केलेली. अर्धं गाव शाळेत मुक्कामाला. ज्यांच्या पोरांचे गोळ्यावर बसलेले फोटो होते ते मोबाईल काढून एकमेकांना दाखवत होते, कपाळावर हात मारत होते. एक बाई सारखी एवढंच म्हणत होती, माझं लेकरू त्याच्यावर उड्या मारत होतं गं. आमचे हे तिथं एका कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. लोक त्यांच्याकडं येऊन विचारायचे, तोफखानेवाले, तुम्ही तर सांगितलेलं रिकामा आहे, मग हे काय? हे म्हणायचे, बघू काय म्हणतात ते. मी शाळेच्या व्हरांड्याला इतके फेरे घातले की हेडमास्तर म्हणाले, बाई, आता निवृत्त झालात, राऊंड बंद करा.

पथकाच्या लोकांनी गोळा वाळूच्या पेटीत ठेवून खाणीच्या कोरड्या टोकाला नेला. आम्हाला लांबच्या माळावर उभं केलं. सगळं गाव आलेलं, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. त्यांनी गोळ्याला आपली दारू लावली आणि सगळे बाजूला झाले. आवाज झाला. छातीत बसला. खाणीतून तांबडी धूळ उठली, चिमण्या सगळ्या एकदम उडाल्या. मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी डोळे मिटलेले होते.

बऱ्याच वेळानं पथकाचा साहेब वर आला. तरुण होता, कानडी बोलणारा, चेहऱ्यावर धूळ. त्यानं आमच्या पोलिसांना सांगितलं आणि ते गर्दीत पसरत गेलं. आत दारू नव्हती. वाळू होती. सरावासाठी वापरायचा गोळा होता तो, भरलेला कधी नव्हताच. फ्यूज पण खोटं.

गर्दीतून सुस्कारा निघाला आणि लगेच हसणं सुरू झालं. ती उड्यावाली बाई रडायला लागली. आणि मग कुणी तरी म्हणालं, "तोफखानेवाल्यांनी सांगितलंच होतं की." दुसरा म्हणाला, व्हय, पहिल्याच दिवशी सांगितलेलं. बघता बघता सगळा माळ तेच बोलायला लागला. पाठीवर थापा पडायला लागल्या. एकानं कुठून तरी गुलाल आणला. पंचायतीचा अध्यक्ष पुढं येऊन म्हणाला, आता कशाचं टाळं न् काय, उलट नवीन पाटी लावू. अण्णा सुभेदारसाहेबांकडं बघत होते, सुभेदारसाहेब जमिनीकडं. मला वाटलं, सुटलो. देवा, सुटलो. गप्प राहा आता, एवढंच करा, गप्प राहायला तुम्हाला येतंय.

पथकाचा साहेब गर्दीतून ह्यांच्यापुढं आला. हसून कानडीत विचारलं, तुम्ही सांगितलेलं म्हणे रिकामा आहे? तोफखान्यातले का तुम्ही? कुठल्या तोफेवर होता?

हे पाय जुळवून उभे राहिले. सवय. कपाळाला गुलाल लागलेला.

"नानु अडगी माडतिद्दे, सर," हे म्हणाले. मी स्वयंपाक करत होतो.

साहेबाला वाटलं त्यानं चुकीचं ऐकलं. हे गर्दीकडं वळले आणि मराठीत, दुकानात भाव सांगतात तेवढ्याच आवाजात म्हणाले, "लांगरी होतो मी तोफखान्यात. रिकामा हाय म्हणालो ते अंदाजानं. आज वाळू निघाली. दारू असती तरी मी रिकामाच म्हणालो असतो. मला म्हाईत न्हवतं."

हसणं थांबलं. गुलाल आणलेला माणूस मूठ तशीच धरून राहिला. मागं कुणी तरी फिसकन हसलं, कुणी शिवी दिली, अध्यक्षानं घड्याळात बघितलं. ज्यांनी पाठीवर थाप मारली होती ते एकेक पाऊल मागं सरकले, म्हणून ह्यांना वाट झाली. त्या वाटेनं हे माझ्याकडं चालत आले. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा आजारातून उठल्यासारखा.

"झालं," हे म्हणाले. "आता मला काय म्हणून हाक मारतील गं लोक?"

मग मी त्यांना नावानं हाक मारली. लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा, अख्ख्या गावासमोर, उखाण्याशिवाय. आजूबाजूच्या बायकांनी पदर तोंडाला लावला.

"हं," हे म्हणाले, आणि आम्ही दोघं बांधाबांधानं घराकडं निघालो.